देव्हाऱ्यातली फिल्म

बुद्धभूषण मूळचा नांदगावचा. इंदिरानगरात त्याचं लहानसं दुकान आहे. पूर्वी तिथे तो लग्नाच्या कॅसेटींच्या सीडी करून द्यायचा. मग एका शिबिरात जुने मूकपट दुरुस्त करायला शिकला आणि तेव्हापासून माणूस कामातून गेला. शंभर वर्षांपूर्वीची कुजकी फिल्म दिसली की गडी खुलतो. "माझ्याकडे असं कधी बघितलंय का?" बायको पायल विचारते. "तुला कुठं बुरशी लागलीये?" हे त्याचं उत्तर.

एकदा विंचूरहून योगेश नावाच्या कांदा व्यापाऱ्याचा फोन आला. त्याच्या आजीच्या, सुलाबाईंच्या, देव्हाऱ्यात फिल्मचा एक डबा होता. सुलाबाईंचे वडील तरुणपणी घरातून पळून मूकपटात काम करायला गेलेले. घरच्यांनी संतापून त्यांचे होते नव्हते ते फोटो चुलीत घातले. पुढे ते परतले, संसाराला लागले, पण सुलाबाई पाळण्यात असतानाच वारले. मागे राहिला तो हा डबा.

बुद्धभूषण विंचूरला पोचला तो दारातूनच ओरडला, "आजी, आधी दिवा विझवा!" त्या काळची फिल्म भडकन पेट घेते, आणि इथे हळदकुंकू वाहिलेल्या डब्यापुढे रोज समई तेवत होती. एवढ्या वर्षांत घर कसं शाबूत राहिलं, देव जाणे!

"लेकरा, बापाचं तोंड तेवढं दाखव," नव्वदीला टेकलेल्या सुलाबाई म्हणाल्या. "मंग मी जायाला मोकळी."

"जायची घाई नको आजी. माझं काम लय हळू चालतं."

अर्धी फिल्म चिकट लगदा झाली होती. उरलेली त्याने जपून सोडवली, मुंबईच्या प्रयोगशाळेत स्कॅन करून आणली आणि मग कॉम्प्युटरवर एकेका चित्रावरचे ओरखडे पुसत बसला. उरलेल्या भागात राजा, प्रधान, दोन भालदार आणि एक राणी होती. राणी फारच गोड. तिच्या गालावरचे डाग पुसता पुसता स्वारी तिच्या प्रेमातच पडली. जेवतानाही तिचंच कौतुक. पायल नुसती हसायची.

शेवटी सुलाबाई योगेशबरोबर दुकानात आल्या. पायलने चहा दिला, भिंतीवर सिनेमा सुरू झाला. राजा आला. योगेशने निरखून पाहिलं आणि मान हलवली. आमच्या घरात असं नाक कुणाचंच नाय, म्हणाला. प्रधान तसाच गेला, भालदारही गेले.

"भलत्याचाच डबा पुजला म्हणायचा जन्मभर," सुलाबाई पुटपुटल्या. बुद्धभूषणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सिनेमा थांबवला आणि दिवा लावला. भिंतीवर राणी मान वळवून मागे बघत थांबली होती. खाली सुलाबाई मान वळवून काठी शोधत होत्या. तेच नाक, हनुवटीवर तीच खळी.

त्याने कपाळावर हात मारला. त्या काळी बायका सिनेमात काम करायला धजत नसत, पुरुषच लुगडं नेसून उभे राहत, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. आणि स्वतः बाप शोधत होता मिशीवाल्यांत!

"आजी, ही राणी! हेच तुमचे वडील!"

योगेश आ वासून बघत राहिला. पायलला हसू आवरेना. "म्हणजे इतके महिने तू आजींच्या वडलांवर..."

"गप गं!" बुद्धभूषण कानापर्यंत लाल झाला.

सुलाबाईंनी लगबगीने डोक्यावर पदर घेतला. काठी टेकत भिंतीपाशी गेल्या. समोर अठरा-वीस वर्षांचा पोरगा, दागिन्यांनी मढलेला, लाजून हसत होता. "आगं बया, लुगडं तर माझ्याहून झाक नेसलाय," म्हणून त्या खुदकन हसल्या आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. बापाला हाक मारायची वेळ त्यांच्या आयुष्यात आजवर आलीच नव्हती.

"दादा," त्या म्हणाल्या, "मी सुला. तुमची लेक."