रेक्झीनची गिटार

एका थोर वादकाच्या गिटारीवर मी बसलो, त्या दिवशी माझं वजन ब्याऐंशी किलो होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जो तो तेच विचारतो.

माझी बाजू अशी आहे. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला निजामभाईंचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान. बाहेर ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, रिक्षांच्या फाटक्या सीटांचा ढीग. मी माझ्या स्कूटरची उसवलेली सीट घेऊन गेलो होतो. तोंडात सुतळी धरूनच निजामभाई म्हणाले, "बसा सर." आता सीटांच्या दुकानात कुणी 'बसा' म्हटलं, तर माणूस कशावर बसेल? समोर लाल रेक्झीनची, पांढऱ्या पायपिंगची, कमरेत जराशी निमुळती अशी एक झकास सीट पडलेली. ती गिटार आहे, ती पालथी ठेवलीय आणि तिची मान रेक्झीनच्या गुंडाळीखाली गेलीय, हे मला कसं कळावं? बसलो. आधी 'कडाक' झालं. मग खालून सहाच्या सहा तारांनी एकदमच हंबरडा फोडला.

निजामभाई ओरडले नाहीत. त्यांनी तोंडातली सुतळी काढली आणि म्हणाले, "उठा. पण हळू उठा. उठताना अजून मोडाल."

निजामोद्दीन हा माणूस सदुसष्ट वर्षांचा, हाडकुळा, दाढी पांढरी आणि बोटं मात्र पंचविशीतली. तरुणपणी जालन्यातल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गिटार कसली, प्लायवूडच्या फळकुटाला तारा ठोकलेल्या. शहाऐंशी साली मुंबईहून डिमेलो मास्टर आले. सिनेमातल्या गाण्यांमागे गिटार वाजवणारा मोठा माणूस. त्यांनी निजामचा हात ऐकला, फळकूट पाहिलं आणि म्हणाले, "हे चुलीत घाल." मग स्वतःच्या हातातली गिटार दिली, पाठीवर सही करून. पुढे मास्टर गेले, ऑर्केस्ट्रा बुडाला, निजामभाई सीटांच्या धंद्याला लागले. गिटार राहिली.

"पण तिला हे लुगडं कुणी नेसवलं?" मी विचारलं.

"मंग काय करायचं? दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात लाकडाचे पापुद्रे निघाले. कोणी म्हणलं मुंबईला पाठवा, कोणी म्हणलं पुण्याला. मी म्हणलं, जल्दी काही तरी केलं पायजे. मला जे येतं ते केलं."

आणि येत काय होतं? सीट शिवता येत होती. तारा आणि पुढचं भोक तेवढं मोकळं सोडून त्यांनी अख्ख्या गिटारीला ट्रकच्या सीटसारखं, चिकटवायचं सोल्युशन फासून, रेक्झीन चढवलं, कडेनं पायपिंग लावली. त्यानं आवाज गोधडीतून बोलल्यासारखा येतो. पण पंधरा-सोळा वर्षं तो रोज येतोय, आणि त्याची वेळ ठरलेली आहे.

ही वेळ समजून घेतली पाहिजे. सीटच्या फोमला आणि रेक्झीनला सोल्युशन लावलं, की ते लगेच चिकटवायचं नसतं. पंधरा मिनिटं वाळू द्यायचं. ही पंधरा मिनिटं बाकीचे कारागीर तंबाखू मळण्यात घालवतात. निजामभाई गिटार घेतात. दिवसातून चार-पाच सीटा, म्हणजे तास-सव्वा तास. ट्रकवाले, ऊसवाले समोर उकिडवे बसून ऐकतात, फर्माईश करतात. सोल्युशन वाळलं, की गाणं अर्ध्यात थांबतं. कितीही रंगात आलं तरी थांबतं. निजामभाईंचं सगळं संगीत त्या वाळण्यात बसलेलं आहे.

आणि त्यावरच मी बसलो होतो.

अपराधाच्या भरात मी मोडक्या जागेचे फोटो काढले आणि पुण्याला माझ्या भाच्याला, प्रितमला पाठवले. सगळी हकीकत लिहिली आणि खाली लिहिलं, 'चांगला कारागीर बघ.' प्रितमनं कारागीर सोडून बाकी सगळं बघितलं. फोटो आणि मास्टरांचं नाव त्यानं कुठल्याशा ग्रुपवर टाकलं. चौथ्या दिवशी निजामभाईंच्या दुकानापुढे पांढरीशुभ्र गाडी उभी राहिली.

उतरले ते जालन्याचे राधेश्याम शेठ. सळईचे व्यापारी. शेतात बंगला बांधलाय, आणि त्यात जुन्या मोठ्या माणसांच्या वस्तू काचेत ठेवायची हौस आहे. माणूस सभ्य. आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "बसले ते आपणच का?" मी मान डोलावली. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, बहुधा वजनाचा अंदाज घेतला.

गिटार फळीवर होती. निजामभाईंनी फटीत सुताराचा गोंद भरून तिला ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून ठेवलं होतं. मुतखड्याच्या पेशंटसारखी पडली होती बिचारी.

"परदेशात," शेठ म्हणाले, "एका गायकाची साधी लाकडी गिटार चाळीस-पंचेचाळीस कोटींना गेली. डब्यातल्या वापरलेल्या तारांसकट."

"मंग आता कोण वाजवतं ती?" निजामभाईंनी विचारलं.

"वाजवत नाही कोणी. लोक बघतात."

"बिचारी," निजामभाई म्हणाले, आणि कात्री शोधायला लागले.

शेठ मुद्द्यावर आले. नऊ लाख. पण रेक्झीन काढायचं, पाठीवरची सही दिसली पाहिजे, आणि आजपासून गिटारीला हात लावायचा नाही. "फक्त ही फट आडवी येतीये. ही मास्टरांच्या हातून पडली असती, तर भाव दोन लाखांनी चढला असता. यांनी पाडली, म्हणून दोन लाखांनी उतरतो."

आयुष्यात कुणी माझी किंमत इतकी रोख सांगितली नव्हती. उणे दोन लाख.

"तसं," शेठ आवाज खाली आणून म्हणाले, "मास्टरांच्या हातून पडली म्हणून तुम्ही दोन ओळी लिहून दिल्या..."

"सर बसले, सरांनी मोडली," निजामभाई म्हणाले. "हे बिलकुल बराबर हाये. गावाला म्हाईत हाये."

एवढ्यात मागच्या दारानं निजामभाईंच्या पत्नी आमिनाभाभी चहा घेऊन आल्या. मला वाटलं, आता घरातूनच दबाव येणार. भाभींनी कप ठेवले, नऊ लाखांचा आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "गिटार गई तो ये दिनभर मेरे कान खाएंगे. मेरेकू नक्को." आणि ट्रे घेऊन आत गेल्या.

शेठ जरा हिरमुसले, पण व्यापारी माणूस. "निजामभाई, विचार करा. काचेत राहील. धूळ नाही, ऊन नाही, कोणी बसणार नाही." इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वाजवली की वस्तू झिजते. झिजली की भाव उतरतो."

निजामभाईंनी कात्री खाली ठेवली. "शेठ, बसलं की सीट बी झिजती. म्हणून मी लोकायला उभ्यानं ट्रक चालवा म्हणू का?"

"सही तरी बघू द्या. एवढीशी शिवण उसवा."

"न्हाई."

"पैसे बघून मग..."

"म्या न्हाई म्हणलं. माझ्या हातची शिवण गिऱ्हाईकासमोर उसवत न्हाई मी. अन् मास्टरनं मला वाजवायला देल्ती. दाखवायची असती, तर त्यायच्या घरी भिंती काय कमी व्हत्या?"

बाहेर कचरू उसाच्या ट्रॅक्टरची सीट करून घ्यायला थांबला होता. मगापासून तो फोमला बोट लावून बघत होता. तो आत डोकावला. "ओ भाई, सोल्युशन लावून पाच मिनिटं झाले. चार दिवसापासून सुकं बसून राह्यलो आम्ही. आज बी न्हाई का?" मग शेठला म्हणाला, "जरा सरका हो पाव्हणे, उजेड येऊ द्या."

निजामभाईंनी एक-एक करून ट्यूबच्या पट्ट्या सोडल्या. गिटार मांडीवर घेतली, खुंट्या पिळल्या, कान लावला. गोंद सुटला असता, तर त्या माणसाच्या रोजच्या पंधरा-पंधरा मिनिटांचं मी कायमचं वाटोळं केलं होतं, आणि त्याची भरपाई शेठच्या नऊ लाखांतही झाली नसती.

पहिला सूर निघाला. गोधडीतून निघायचा तसाच. फक्त जाडी तार छेडली, की पाठीतून बारीक 'खर्र' असा आवाज यायला लागला.

"हे काय?" मी घाबरून विचारलं.

"हे तुमचं, सर," ते वाजवता वाजवताच म्हणाले. "राहू द्या. ठेका चांगला देतं."

मग त्यांनी कचरूच्या फर्माईशीचं गाणं धरलं. हायवेवरून डंपर जात होते, त्यात अर्धं ऐकू आलं, अर्धं नाही. कचरू मान हलवत होता. शेठ चहाचा कप हातात धरून उभे होते, प्यायचं विसरून. शेवटचा अंतरा ऐन भरात आला, तसं निजामभाईंनी डाव्या हातानं फोमला बोट लावून पाहिलं आणि गाणं तिथंच टाकलं.

"वाळलं," ते म्हणाले, आणि सीटवर रेक्झीन ताणायला लागले.

शेठनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग फळीवर आपलं कार्ड ठेवून गेले. निजामभाईंनी ते कार्ड उचललं, दुमडलं आणि कचरूची डगडगणारी सीट टेकवायला पत्र्याखाली सारलं.

ट्रॅक्टर गेला. दुकानात आम्ही दोघंच उरलो. मी उभाच होतो, त्या दिवसापासून तिथे उभाच असतो. पण चार दिवस एक शंका पोटात होती. सोल्युशन काय चीज आहे ते मला ठाऊक आहे. माझ्या स्कूटरची सीट इथे शिवली, तेव्हा तिच्याखालचं कंपनीचं नाव त्यानं साफ खाल्लं होतं.

"निजामभाई," मी हळूच विचारलं, "खरं सांगा. त्या रेक्झीनखाली मास्टरांची सही अजून आहे का?"

"तुम्हीच बसले व्हते ना तिच्यावर, मंग टोचली न्हाई का?"