शेंदराखालचा लेख

पुण्यातल्या एका इतिहास-संशोधन मंडळापुढे निबंध वाचायचा, हे वेड आम्हा दोघांना एकदमच लागलं. सोलापुरात आम्ही एकाच शाळेत मास्तर होतो. मी इतिहास शिकवायचो, तो गणित. पण घरी कानडी बोलणारा तो लिंगायत गडी जुने कानडी शिलालेख असे घडाघडा वाचायचा की मला त्याचा हेवाच वाटे. मला त्या लिपीतलं अक्षरही लागत नव्हतं.

विषय त्यानंच शोधला. अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका खेड्यात कोरीव लेखाचा एक दगड देव म्हणून पुजला जात होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेल-शेंदरानं लेख झाकून गेलेला, तळाची एकच ओळ उघडी. ती त्यानं जमिनीला नाक लावून वाचली. चंद्रसूर्य असेपर्यंत हे चालावं. काय चालावं, ते शेंदराखाली होतं.

"हाच आपला प्रश्न," तो म्हणाला.

मी शेंदूर खरवडायला चाकू काढला, तसा गुरव अंगावरच आला. "हात लावायचा न्हाय! देव आपनहून खोळ टाकंल तवाच दिसंल." हा थर कधीतरी आपोआप गळून पडतो, मग पूजा करून नवा शेंदूर चढवतात. तेवढ्याच वेळात दगड उघडा दिसणार होता. माझं डोकं फिरलं. तो मात्र हात जोडून गुरवाला म्हणाला, "खोळ पडली की निरोप धाडा. आम्ही थांबतो."

ते थांबणं फार सुखाचं होतं. शाळा सुटली की तळ्याच्या काठी बसून आम्ही निबंधाचा आराखडा करायचो. वाचन त्याचं, लिहिणं माझं. कोणते ग्रंथ चाळायचे, आजूबाजूचे कोणते लेख ताडून पाहायचे, सगळं ठरलं. वर कुणाचं नाव आधी, यावरून तर दोन दिवस अबोला. मी उतावळा, समारोपसुद्धा लिहून टाकला. "अरे लेका, पोरगी बघायच्या आधीच बारसं?" म्हणत त्यानं तो कागद फाडला.

मग त्याला मुदतीचा ताप आला. तापातही विचारायचा, "निरोप आला का रे?" निरोप आला नाही, आणि तो गेला. त्यांच्या रीतीनं त्याला मांडी घालून बसवलं आणि तसंच पुरलं. तळ्याकाठी तो असाच बसायचा. मी त्या खड्ड्यापासून मागं फिरलो.

पावसाळा सरता सरता गुरवाचा माणूस दारात आला. देवानं खोळ टाकली होती.

मी गेलो. ठसा घ्यायचा कागद आणि शाई पिशवीत होती. दगड स्वच्छ, काळा, एकेक अक्षर नुकतं कोरल्यासारखं. गुरव शेंदराची वाटी घेऊन उभा होता.

"ते कानडी मास्तर कुटं हायती?"

मी सांगितलं. त्यानं वाटी खाली ठेवली. तो म्हणाला, "मग तुमी तरी वाचा की. काय लिवलंय?"

मी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "चंद्रसूर्य असेपर्यंत हे चालावं."

"काय चालावं?"

ठसा घेऊन पुण्याला धाडला असता तर कुणा पंडितानं वाचून दिला असता. पण ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ऐकायचं नव्हतं. पिशवी मी उघडलीच नाही.

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "चढवा शेंदूर."