मागची सीट मी उघडली

माझा मुलगा लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. घरासाठी साठवलेल्या पैशांतून त्याने एक जुनी अमेरिकन गाडी घेतली होती, हे मला आयर्लंडला आल्यावर कळलं. मी आले होते तीन महिन्यांसाठी, दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत. मार्चमध्ये विमानं थांबली आणि मी ॲडम्सटाउनच्या त्याच्या भाड्याच्या घरात राहिले ती राहिलेच.

गाडी गडद हिरवी, दोनच दरवाजांची, नाक लांबलचक आणि शेपूट आखूड. वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान. त्याच्याच कारखान्यातून रिटायर झालेल्या एका माणसाच्या शेडमध्ये ती उभी असायची. सुरू केली की शेडचे पत्रे थरथरायचे. सून तिला 'माझी सवत' म्हणायची. आधी हसून म्हणायची, पुढे पुढे हसू कमी झालं.

मुलगा सांगायचा, "आई, ही चालवायला नाही घेतलेली. हिची किंमत दर वर्षी वाढते. सोनं समज."

मी काही बोलायचे नाही. मुळात मी बोलतेच कमी. त्यात चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. कोणी पाहुणे आले की चहा ठेवून मी वरच्या खोलीत निघून जायचे.

त्या उन्हाळ्यात घरमालकाने कळवलं की त्याला घर विकायचं आहे, पुढच्या वर्षीच्या मध्यापर्यंत सोय बघा. मुलगा आणि सून दोघांनाही आता स्वतःचं घर हवं होतं, आणि घराचे पैसे त्या शेडमध्ये उभे होते. म्हणून गाडी विकायची ठरली.

पानगळीच्या दिवसांत कॉर्ककडून एक गिऱ्हाईक आलं. साठीपुढचा, उंच माणूस, अशा गाड्या जमवणारा. मी शेडबाहेर आमच्या गाडीत बसून होते. तो माणूस तासभर आत वाकून, आडवा होऊन बघत होता. तो गेल्यावर मुलगा आमच्या गाडीत येऊन बसला, पण गाडी सुरू केली नाही.

"नाही घेणार?" मी विचारलं.

"घेईल. पण अर्ध्या किमतीत. म्हणतो, हे मोठं इंजिन कारखान्यातूनच बसवलेलं होतं याचा पुरावा दे. लोक साध्या गाडीत नंतर मोठं इंजिन टाकतात आणि खरी म्हणून विकतात."

"मग पुरावा कसला असतो?"

"कागद असतो, आई. गाडी तयार होताना कारखान्यातले लोक त्या कागदावर बघून भाग जोडायचे. काम झालं की तो कागद तिथेच कुठेतरी खुपसून द्यायचे. कधी गालिच्याखाली, कधी सीटमध्ये. आम्ही दोघांनी सगळ्या सीटांखाली हात घालून पाहिलं. काही नाही."

अर्ध्या किमतीत घर होणार नव्हतं, एवढं मला कळत होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच अडकलं होतं. सीटखाली हात घालून पाहिलं, असं तो म्हणाला. सीट उघडून पाहिली, असं नाही म्हणाला.

हडपसरला आमचं सीट कव्हरचं दुकान होतं. पंचवीस वर्षं मी आमच्या ह्यांच्या बरोबरीने तिथे बसले. ट्रकच्या, जीपच्या, रिक्षाच्या किती सीटा उघडल्या असतील त्याला हिशेब नाही. खालून हात घातला की स्प्रिंगा लागतात. स्प्रिंगांवर तरट असतं, तरटावर गादी, गादीवर कव्हर. स्प्रिंग आणि तरट यांच्यामध्ये गेलेली वस्तू खालून बोटांना लागत नाही, वरून दिसत नाही. ह्यांचा नियम होता, सीटमधून जे निघेल ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. नाणी, केसांच्या पिना, देवळाच्या पावत्या, एकदा तर मंगळसूत्राची वाटी निघाली होती.

हे मुलाला सांगायला मला आठ दिवस लागले. एवढ्या शिकलेल्या मुलाला आपण काय सांगायचं, असं वाटायचं. शेवटी एका रविवारी पोळ्या लाटता लाटता पाठमोरीच म्हणाले, "मागची सीट घरी आण. मी उघडून बघते."

"आई, ती ओरिजिनल सीट आहे! कव्हरला एक नवा टाका पडला तरी किंमत उतरते."

"टाका कोण उसवतंय? कव्हर खालच्या बाजूने तारेच्या कड्यांनी ओढून बसवलेलं असतं. कड्या उघडायच्या, परत त्याच कड्या त्याच भोकांत दाबायच्या."

सून जिन्यावरून ओरडली, "आण रे! तसाही सवतीचा सोफा घरात यायचाच राहिला होता."

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्याने सीट आणली. दिवाणखान्यात जुनी चादर पसरली आणि सीट उलटी ठेवली. इथे आल्यापासून मला स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा विचारून उघडावा लागायचा. त्या सीटपुढे मांडी घातली आणि कोणाला काही विचारावंसं वाटलं नाही.

एकेक कडी पक्कडीने उघडली आणि ताटलीत क्रमाने लावली. कव्हर सैल झालं. सीट सुलटी करून गादी उचलली. तरट कुजून तपकिरी झालं होतं. मी ते कडेने उचललं आणि खाली तरटाच्याच रंगाची एक घडी दिसली. तरटाला घडी पडते, पण तिला असा सरळ काठ नसतो.

"काय गं?" मुलगा म्हणाला.

"कागद आहे."

त्याने झेप घेतलीच. मी त्याच्या हातावर फटका मारला. तो लहान असताना तापत्या इस्त्रीकडे हात नेला की मारायचे तसाच.

"हात लावू नकोस! तो स्प्रिंगला गंजाने चिकटलाय. ओढलास तर तुकडे होतील."

"मग काय करायचं?"

"गप्प बसायचं."

सून हेडफोन लावून वर मीटिंगमध्ये होती, ती मीटिंग सोडूनच खाली आली. कागद वरून तरटालाही चिकटला होता, तो तरटापासून सोडवायचाच नाही असं मी ठरवलं. सगळीकडून चार बोटं सोडून तरटच कापलं. मग प्रश्न राहिला तो गंजाचा. कणीक कापायची पातळ पट्टी होती, ती तार आणि कागद यांच्यामध्ये केसभर सरकवली. थांबले. परत केसभर. माझा हात हलला असता तर त्यांचं घर गेलं असतं. पण हात हलला नाही. शेवटची तार सुटली आणि तरटासकट कागद माझ्या दोन्ही तळहातांवर आला. एका कोपऱ्याला भोक पडलं होतं, बाकी आख्खा.

घडी उघडली. आत बारीक चौकटी आणि पुसट छापलेली अक्षरं.

"वरती गाडीचा नंबर असेल," मुलगा म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "तू वाच, आई. माझ्याच्याने होत नाही."

"मला कुठे इंग्रजी येतंय?"

"आकडे येतात ना!"

आकडे येत होते. मोठी अक्षरंही येत होती, दुकानात कव्हरांचे गठ्ठे गाडीच्या नंबरावरून लावायचे तेव्हा शिकले होते. चष्मा वर केला आणि कागद खिडकीशी नेला. एकेक अक्षर, एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले. नंबर त्याला तोंडपाठ होता. माझी जन्मतारीख त्याला अजून पाठ नाही. पहिली काही अक्षरं त्या जातीच्या सगळ्या गाड्यांना सारखीच असतात, म्हणून तो वळला नाही. शेवटचे सहा आकडे राहिले.

"एक. शून्य. सात," मी म्हणाले. "सात. दोन."

"शेवटचा?" त्याने भिंतीकडेच तोंड ठेवून विचारलं.

"नऊ."

तो वळला आणि त्याने मला उचललंच! मी बावन्न वर्षांची बाई, हातात पक्कड, आणि पाय जमिनीला नाहीत. सून रडत होती आणि हसतही होती. मग दोघांनी मिळून इंजिनची चौकट शोधली. मोठंच इंजिन होतं, कारखान्यातून बसवलेलं.

गादी जागेवर ठेवली, कव्हर ताणलं, ताटलीतल्या कड्या क्रमाने परत दाबल्या. एकही उरली नाही.

प्रवासाची बंधनं उठली तेव्हा, पुढच्या मे महिन्यात, कॉर्कचा माणूस परत आला. या वेळी मी शेडच्या आत उभी राहिले. त्याने कागद बघितला, गाडीच्या काचेखालचा नंबर बघितला, परत कागद बघितला. मग मागची सीट बाहेर काढून कड्यांवरून बोट फिरवलं. आणि एकच शब्द म्हणाला, "ग्रँड." इथले लोक 'छान, ठीक' याला असंच म्हणतात. किंमत मुलाने सांगितली तीच ठरली.

जाताना त्याने मुलाला काहीतरी विचारलं. मुलाने माझ्याकडे बोट दाखवलं. त्या माणसाने टोपी काढली आणि गाडीची जाड फाईल माझ्यापुढे धरली. पन्नास वर्षांच्या पावत्या, मालकांची पत्रं, सगळं त्यात लावलेलं.

"तो म्हणतो, कागद कोणी आणि कसा काढला ते यात लिहिलेलं हवं," मुलगा म्हणाला. "तू सांग, मी इंग्रजीत लिहितो."

"दे इकडे पेन," मी म्हणाले.

गाडीच्या टपावर कागद ठेवून मी मराठीतच लिहिलं. हा कागद मागच्या सीटमध्ये, स्प्रिंगा आणि तरट यांच्यामध्ये होता. तरटासकट काढला आहे. सीटच्या कड्या जुन्याच आहेत. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.