कमरेत घेतलेलं कुंपण

आमच्या शेजारच्या मास्तरांनी चाळीस वर्षं कोट शिवले. मग दुकान मुलाच्या हवाली करून ते घरी बसले. म्हणजे लोक तसं म्हणतात, प्रत्यक्ष बसलेलं त्यांना कोणी पाहिलेलं नाही. हात शिवशिवले की ते कात्री घेऊन अंगणाच्या कडेच्या झुडपांच्या कुंपणाकडे वळत. तेही त्यांनी कोटासारखंच बेतलं होतं: खांदे रुंद, कमरेत घट्ट. जाणारे-येणारे थांबून बघत.

या कुंपणाआड मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकू, चालायच्या आणि दमल्या की तिथंच खुर्चीवर टेकायच्या. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा पाय वाकडा पडायचा आणि तो कोणी बघावा हे त्यांना खपत नसे. डॉक्टरांनी तर रोज चालायला बजावलेलं. पण यंदा कुंपण खालून पिवळं पडलं, मग नुसत्या काटक्या उरल्या. एक दिवस रस्त्यावरून कोणीतरी वाकून विचारलं, "काय काकू, पाय कसा आहे?" त्याच दिवशी काकूंची खुर्ची आत गेली. चालणंही बंद.

मास्तरांचा जीव टांगणीला लागला. सकाळी पाणी, दुपारी पाणी, संध्याकाळी खत आणि त्यावर पुन्हा पाणी. उकिडवं बसून पानं उलटीपालटी करायची, उठायचं, आत डोकावायचं, परत बाहेर. "मास्तर, जरा टेका की," म्हटलं तर म्हणायचे, "टेकतो हो. एवढी फांदी बघतो नि टेकतो."

शेवटी त्यांनी रोपवाटिकेच्या बाईंना बोलावलं. बाईंनी मातीत बोट खुपसलं. "काका, झुडपं आहेत ही, म्हशी नव्हेत. किती डुंबवाल? मुळं गुदमरलीत." मग नखानं एका काटकीची साल खरवडली. आत हिरवं होतं. "जीव आहे अजून. पण वर ही छत्री धरलीत, खाली ऊन पोचणार कुठून? वर निमुळतं, खाली रुंद ठेवायचं."

"खाली रुंद?" मास्तरांचा चेहरा पडला. "गबाळं दिसेल हो!"

"दिसू दे. पाणी आवरा आणि गुडघ्याएवढं छाटा. चारेक महिन्यांत बुडापासून फुटेल."

गुडघ्याएवढं! म्हणजे तोवर आडोसाच नाही. छाटलं तर काकू चार महिने आत, नाही छाटलं तर कायमच्या आत. आठवडाभर मास्तर मोठी कात्री घेऊन कुंपणापाशी येरझारा घालत होते. आज ऊन फार आहे, आज धारच नाही, आज वारा सुटलाय.

आठव्या दिवशी दारातून आवाज आला, "अहो, कापताय की नुसतं माप घेताय?" काकू चौकटीला धरून उभ्या होत्या.

"अगं, सगळं उघडं पडेल."

"पडू दे. तुमच्या फेऱ्या बघून माझीच मान दुखायला लागली. खुर्ची आणा बाहेर."

मास्तरांनी खुर्ची मांडली आणि कात्री चालवली. पहिली रेघ चक्क तिरकी गेली. भराभर रस्ता दिसू लागला आणि रस्त्याला काकू. एक गृहस्थ थबकलेच. काकूंचा हात पदराकडे गेला, पाय झाकायला. पण हात तिथंच थांबला.

"नुसते बघताय काय?" त्या म्हणाल्या. "त्या फांद्या ओढा बाजूला!"

गृहस्थ मुकाट्यानं कामाला लागले. मास्तर कापत राहिले. पण दोन फांद्या पडल्या की मागे वळून बघत, खुर्ची रिकामी तर नाही ना झाली.