लॉर्डकाकांची तीन मिनिटं

“बिचारा ह्यू. तीन निवडणुका लढला आणि तिन्ही हरला.”

सँडविचच्या टेबलापाशी एक उंच बाई दुसरीला हळूच सांगत होती. मी तिच्या मागे कागदी प्लेट धरून उभी होते. ह्यूंचं दफन झालं होतं आणि आम्ही सगळे चर्चशेजारच्या हॉलमध्ये जमलो होतो. ती बाई ह्यूंची चुलतबहीण, आयर्लंडहून आलेली. तिच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, उलट मायाच होती. तरी ते वाक्य मला बोचलं. मला तिला बरंच काही सांगायचं होतं... मी प्लेटमधलं काकडीचं सँडविच या कडेचं त्या कडेला सरकवलं. ह्यू तिथे असते तर त्यांनी काठीच्या टोकाने माझ्या बुटाला हलकंच टोचलं असतं.

ते गेल्याचं मला देशमुखकाकांनी सांगितलं. देशमुखकाका मूळचे नागपूरचे, इथे एका विमा कंपनीच्या आयटीत आहेत. त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहते. फोन न करता ते कधी खाली येत नाहीत. त्या रविवारी आले, शेवटच्या पायरीवर थांबले आणि म्हणाले, “ह्यू गेला गं. सकाळी. बूटबीट घालून रेडी होता, म्हणे. लेस बांधायचीच राहिली होती फक्त.” मग तिथेच पायरीवर बसले. मी पाणी आणलं. थोड्या वेळाने ते अचानक हसायला लागले आणि मीही हसले, कारण आम्हा दोघांना एकच गोष्ट आठवली होती. कोर्टातली.

ह्यू आयर्लंडच्या एका जुन्या उमराव घराण्यातले. खरोखरचे लॉर्ड, आठव्या पिढीचे. इस्टेट आजोबांच्या काळातच गेली, घराचं आता हॉटेल झालंय. ह्यूंच्या वाट्याला आली ती एक पदवी, एक ट्वीडचा कोट आणि एक काठी. शिकारीला जाणारे लोक वापरायचे तसली ती काठी. वरची मूठ उघडली की दोन पंख पसरतात आणि तिच्यावर बसता येतं. बायको गेल्यावर ते मुलीकडे, फियोनाकडे, ओहायोत राहायला आले. योगायोग असा, की आमच्या या गावाचं नावही डब्लिन. “एका डब्लिनपासून पळालो आणि दुसऱ्यात येऊन पडलो,” असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. त्याला पुन्हा भेटले की पुन्हा सांगायचे.

अमेरिकेचं नागरिकत्व घेताना फॉर्मवर एक प्रश्न असतो. तुमच्याकडे वंशपरंपरेने आलेली काही पदवी आहे का? असेल तर शपथविधीच्या वेळी ती सर्वांसमोर सोडावी लागते. बहुतेक लोक ‘नाही’वर खूण करून पुढे जातात. देशमुखकाकांनी ‘होय’वर केली. त्यांच्या पणजोबांकडे सात गावांची देशमुखी होती आणि सरकारी कागदावर काका खोटं लिहीत नाहीत. मुलाखतीत अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, काकांनी दोनदा ‘होय’ सांगितलं. काकूंनी डोक्याला हात लावला. “देशमुखी गेली तेव्हा तुमच्या आजोबांना कोणी विचारलं नाही, आणि तुम्ही आता सोडायला निघालात,” त्या म्हणाल्या. त्यांना ऑफिसमधून सुट्टी मिळाली नाही, म्हणून कोलंबसच्या कोर्टात काकांबरोबर मी गेले.

कोर्टात न्यायाधीशबाई म्हणाल्या, ज्यांना पदवी सोडायची आहे त्यांनी उभं राहावं. पुढच्या रांगेतून ट्वीडच्या कोटातला एक उंच म्हातारा काठी टेकत उठला. त्याच्या बरोबर मागे देशमुखकाका उठले. अख्ख्या हॉलने माना वळवल्या. म्हाताऱ्याने आपली पदवी सांगितली, ती सोडली आणि मागे वळून पाहिलं. मग काकांनी पणजोबांची देशमुखी सोडली. सात गावांची नावंही घेतली. न्यायाधीशबाईंनी त्यांना मध्येच थांबवलं नाही, याचं मला अजूनही कौतुक वाटतं. बाहेर आल्यावर तो म्हातारा काकांपाशी आला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “सात गावं? आमच्या घराण्याकडे शेवटी एक बदकांचं तळं उरलं होतं.” त्या दिवशी आम्ही तिघांनी समोरच्या दुकानात पॅनकेक खाल्ले. पदवी कोर्टात सुटली, पण इथल्या मराठी मंडळातल्या मुलांनी ह्यूंना ती लगेच परत दिली. तेव्हापासून ते सगळ्यांचे लॉर्डकाका.

नागरिक झाल्यावर लॉर्डकाका पुढच्याच वर्षी गावच्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभे राहिले. त्याला कारण आमच्या कॉलनीतले आजी-आजोबा. सहा-सहा महिन्यांसाठी भारतातून येणारे आईवडील. त्यांना इथे गाडी चालवता येत नाही, म्हणून ते चालतात. साडीखाली स्पोर्ट्स शूज, डोक्याला मफलर. आमच्या रस्त्याचा फूटपाथ एका तळ्याच्या थोडा अलीकडे एकदम संपतो. पुढे बाग दिसते, पण मधल्या पट्ट्यात नुसतं गवत आणि शेजारून धावणाऱ्या गाड्या. पावसात त्या गवताचा चिखल होतो, मग हे लोक रस्त्यावरून चालतात. लॉर्डकाकांनी एकदा तिथे एका आजींना चपला हातात घेऊन, अनवाणी उभं राहिलेलं पाहिलं. त्यांनी काठी उघडून त्यांना बसायला दिली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी अर्धा तास गप्पा मारल्या, असं ते सांगायचे. घरी आल्यावर फियोनाला म्हणाले, “मला माझा मुद्दा सापडला.”

दारोदार प्रचाराला ते मला बरोबर न्यायचे. मी पत्रकांची पिशवी धरायची. ठरलेलं असं, की दार उघडल्यावर पहिलं वाक्य मी बोलायचं. मी शाळेपासून अशी आहे... उत्तर माहीत असूनही हात वर न करणारी. दार उघडायचं, मी तोंड उघडायचे, आणि आवाज लॉर्डकाकांचा यायचा. त्यांनी मला कधी टोकलं नाही. फक्त पुढच्या दाराकडे जाताना म्हणायचे, “उरली अजून बरीच दारं.”

आणि चालता चालता घराण्याच्या गोष्टी. एक आत्या घोड्यावरून प्रचार करायची. तिचा घोडा विरोधी उमेदवाराच्या सभेत शिरला आणि हलेचना, तेव्हा तिने त्याच्या पाठीवरूनच भाषण केलं आणि निवडून आली. वडील इतके बोलायचे, की त्यांच्या सभेला लोक जेवणाचे डबे घेऊन यायचे. लॉर्डकाका स्वतः तिकडे दोनदा उभे राहिले. “लोकांनी मला पाहून टोपी काढली आणि मत दुसऱ्याला दिलं. बरोबरच केलं,” ते म्हणायचे. पण त्यांना सगळ्यात जास्त आठवायचे ते आजोबा. ते बावीस वर्षं लंडनच्या वरिष्ठ सभागृहात बसले. गावचा लाकडी पूल कुजला होता. त्यावर त्यांनी भाषण लिहिलं, घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं. प्रत्येक अधिवेशनाला तो कोट घालून जायचे. पण ते लाजाळू होते, उभे राहिलेच नाहीत. एका पुरात पूल वाहून गेला. आजोबा वारल्यावर आजीने कोट झटकला, तर खिशात भाषण. “चांगलं होतं गं,” लॉर्डकाका म्हणाले. “मी वाचलंय. अगदी चांगलं होतं.” बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे मात्र मी पाहिलं.

आमच्या घरांमध्ये त्यांना प्रत्येक दारी चहा मिळायचा. त्यांनी उपमा खाल्ला, ढोकळा खाल्ला, चकलीचं डिझाइन कोणाचं म्हणून चौकशी केली. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी देशमुखकाकांनी आम्ही जाऊन आलेल्या घरांची यादी पाहिली आणि पेन खाली ठेवलं. “ह्यू, अरे काय करून राहिला तू? हे सगळे व्हिसावाले आहेत यार. यांना व्होटच नाहीये.”

लॉर्डकाकांनी चहाचा घोट घेतला. “ते मला पहिल्याच दिवशी कळलं.”

“मग?”

“पण चिखल त्यांच्याच पायांना लागतो ना.” मग कप खाली ठेवून म्हणाले, “आणि चकली चांगली असते.”

निवडणूक ते सपाटून हरले. निकालाच्या दिवशी काकूंनी शिरा केला होता. जिंकले तर म्हणून केलेला, पण हरल्यावरही तो तेवढाच लागला आणि लॉर्डकाकांनी दोनदा मागून घेतला. मग ते कौन्सिलच्या बैठकांना साधे श्रोते म्हणून जाऊ लागले. बैठकीत कोणीही रहिवासी उठून तीन मिनिटं बोलू शकतो. ते दर वेळी फूटपाथवर बोलायचे. सदस्यांची आडनावं, त्यांच्या नातवंडांच्या परीक्षा, सगळं त्यांना ठाऊक होतं. ते उठले की सदस्य आधीच हसायला लागायचे, आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत टिपणं घ्यायला लागायचे. गेल्या हिवाळ्यात कळलं, की तो पट्टा चर्चेला येणार आहे, रीतसर. त्यांनी मला घडी केलेलं एक कार्ड दिलं, पोस्टकार्डाएवढं. “या वेळी तू.”

“मला इथे मत नाही,” मी म्हटलं. खरं तर ते माझं नेहमीचं निमित्त होतं, आणि किती सोयीचं.

“मत नसेल. पण तीन मिनिटं आहेत. ती त्यांनी कोणाकडून काढून घेतलेली नाहीत.”

मी कार्ड कोटाच्या खिशात ठेवलं. फेब्रुवारीतल्या बैठकीला ते आजारी होते, मी एकटी गेले, शेवटच्या रांगेत बसले आणि तशीच परत आले. चर्चा पुढच्या तारखेला गेली. त्यांना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “कोट कोणता घातला होतास?” मला इतकं हसू आलं की रडूही आलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले.

दफनाच्या दिवशी हॉलमधून निघताना फियोनाने ती काठी माझ्या हातात दिली. घरात ठेवायला जागा नाही, म्हणाली. ते खरं नव्हतं, त्यांच्या घरात जागा पुष्कळ आहे. आता ती माझ्या दारापाशी बुटांच्या शेजारी उभी असते. बूट घालताना मी तिच्यावर बसते. देशमुखकाका खाली आले की दर वेळी तिची मूठ एकदा उघडून मिटून पाहतात.

गेल्या सोमवारी बैठक होती. मी तोच कोट घातला आणि काठी घेऊन गेले. पुढच्या दोन रांगांत स्पोर्ट्स शूज घातलेले आजी-आजोबा बसले होते, काकांनी दोन फेऱ्यांत त्यांना आणलं होतं. काकू डब्यात चकल्या घेऊन आल्या होत्या आणि हॉलमध्ये खाणं चालत नाही म्हणून तो मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. अध्यक्षांनी फूटपाथचा विषय वाचला आणि सवयीने लॉर्डकाकांच्या खुर्चीकडे पाहिलं. मग विचारलं, कोणाला बोलायचं आहे का? काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिशातलं कार्ड मी काढलं. त्यावर मुद्दे असतील असं मला इतके दिवस वाटत होतं, आणि ते वाचले की बोलावंच लागेल, म्हणून मी ते उघडून पाहिलंच नव्हतं. त्यावर फक्त माझं नाव होतं, त्यांच्या तिरक्या अक्षरात. बाकी सगळं कोरं.

मी माइकपाशी गेले. काठी उघडली नाही, नुसती टेकली. समोरच्या घड्याळावर तीन मिनिटं उलटी मोजायला सुरुवात झाली. मी घसा साफ केला आणि म्हणाले, “माझं नाव अनघा लिमये. मला इथे मत नाही, पण मी या रस्त्याने रोज चालते, आणि मला बोलायचं आहे.”