आप्पांची छाती आणि मिठातला बर्फ

आमच्या आप्पांनी जामखेडच्या वेशीत ट्रंपेट फुंकलं की सोनईतल्या म्हशी दावं तोडून पळायच्या. मध्ये अर्धा जिल्हा आडवा पडलाय हे मलाही ठाऊक आहे, म्हणून जरा कमी करून सांगतो : खर्ड्यातल्या पळायच्या. एका लग्नात त्यांनी असा सूर लावला की नवरदेवाचा फेटा उडून करवलीच्या डोक्यावर जाऊन बसला आणि घोडं माघारी फिरलं. बँड आमचा घरचा. मी त्यांच्या शेजारी उभा राहून वाजवायचो आणि वरातीतली माणसं म्हणायची, "पोरगं छातीनं बापावर गेलंय." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं फुगून चाललो.

मग ऐन लग्नसराईत आप्पांच्या थुंकीतून रक्त आलं. नगरला सावेडीतल्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. आप्पा बिडी ओढायचे हे खरं, पण आमचा ढोलवाला त्यांच्या दुप्पट ओढायचा आणि तो रेड्यासारखा धडधाकट. मग आप्पांनाच का? आणि मला तर दोन-तीन आठवड्यांपासून कोरडा खोकला होता. वरातीचा धुरळा गेला असेल, असं मी स्वतःला समजावत होतो. घरात कुणाला बोललो नव्हतो. खोकला आला की बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारायची, म्हणजे आवाज लपतो. बायको म्हणायची, "सारखी गाडी सुरू करता आन् जात कुठंच न्हाई!"

अशात पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. कॅन्सर झालेल्यांचं आणि त्यांच्या रक्ताच्या नातलगांचं रक्त त्यांना अभ्यासाला हवं होतं. प्रत्येकाच्या दोन नळ्या : एकीत अंगातली सूज मोजायची, दुसरीत आईबापाकडून आलेला वारसा बघायचा. मी लगेच दंड पुढं केला. मला वाटलं, झालं, आप्पांचं माझ्यात काय काय उतरलंय ते आता ही बाई सांगणार. नळ्या पुण्याला नेणारा माणूस आजारी पडला, तर मीच म्हणालो, द्या इकडं. कंपाउंडरनं चार नळ्या पिशवीत बांधून बर्फाच्या थर्मासात घातल्या आणि म्हणाला, "गार ठेवायचं, बास."

माळीवाड्यातून पुण्याची एसटी निघाली. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर एसटीच्या मागं मागं येत होतं. सुप्याजवळ गाडीनं धूर सोडला आणि बसली. ड्रायव्हर म्हणाला, "दुसरी येईल." कधी ते बोलला नाही. मी थर्मास उघडून बघितला, तर बर्फाचं नुसतं पाणी. त्यात माझ्या बापाचं रक्त आणि माझं नशीब डुचमळत होतं. घशात खोकला दाटून आला.

शेजारच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "चहा हाय का रं? घोटभर दे."

"रक्त हाय, आजी."

"कुनाचं?"

"बापाचं. आन् माझं."

म्हातारी जरा सरकून बसली. मग सगळी हकिगत ऐकली आणि पुन्हा जवळ आली. "चल," म्हणाली. समोरच्या रसवंतीवाल्याला तिनं असा दम भरला की त्यानं गिऱ्हाइकांचे ग्लास तसेच ठेवून बर्फाची अर्धी लादी फोडून दिली. मग म्हातारीनं गाठोड्यातून मिठाची पुडी काढली. "माझा ल्योक जत्रंत कुल्फी इकतो. मीठ टाकल्यावर कसा गारठा धरतोय बघ!"

मी मूठभर मीठ ओतलं. गारठा धरला की हो! पुण्यात उतरलो तेव्हा थर्मासात बोट घातलं तर चिकटेल असं वाटावं.

डॉक्टरीणबाईंनी नळ्या बाहेर काढल्या आणि त्यांचा चेहरा पडला. "हे गोठवलं कुणी?"

आप्पांना आता पुन्हा सुई सोसवत नव्हती, हातातल्या शिरा सापडत नव्हत्या. मी कुल्फीसकट सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत, पण खुर्ची दिली.

"सुजेच्या नळ्या वाया गेल्या," त्या म्हणाल्या. "रक्त गोठलं की पेशी फुटतात. वारशाच्या चालतील. त्या आम्हीही गोठवूनच ठेवतो."

"मग निम्मं काम गेलं की, बाई."

"नाही हो. तुमच्या वडिलांच्या अंगात आज सूज दिसणारच. पण सुजेमुळं कॅन्सर झाला की कॅन्सरमुळं सूज आली, हे आजच्या रक्तावरून कसं कळणार? वारसा जन्माच्या आधीच ठरतो. आजारानं तो बदलत नाही. ज्यांच्या वारशातच जास्त सूज आहे, त्यांना हा रोग जास्त होतो का, ते आम्ही शोधतोय."

"माझ्यात काय आलंय?"

"ते एकट्यादुकट्याचं सांगता येत नाही. पुष्कळ माणसांचं एकत्र बघितल्यावर काही अंदाज बांधता येईल. तोही चुकू शकतो."

म्हणजे एवढा बर्फ, एवढं मीठ, आणि माझा प्रश्न जिथल्या तिथं. तेवढ्यात खोकला आला. तिथं किक मारायला गाडी नव्हती.

बाईंनी खोकला संपू दिला. "हा किती दिवस आहे?" मी सांगितलं. "नगरला गेल्या गेल्या छातीचा फोटो काढा. माझ्या नळीची वाट बघू नका."

दुसऱ्या दिवशी सावेडीतच फोटो काढला. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. तोवर आप्पांच्या खाटेशी बसलो. त्यांनी विचारलं, "रगत पोचलं का?"

"पोचलं."

"मग, माझ्यावर गेलाय का न्हाईस?"

आयुष्यात पहिल्यांदा मला थाप सुचली नाही. आप्पांनी माझी पाठ वळवून घेतली, तिच्यावर पंजा टेकवला, सूर लावायच्या आधी टेकवायचे तसा. "घे श्वास. भर." मी भरला. "धर." मी धरला. खोकला वर येत होता. मी दात आवळले. ते कान लावून ऐकत राहिले, आणि सोड असं काही म्हणेनात.

फोटोत काही निघालं नाही. निघालं असतं तर एवढ्या थापा मारायला मी उरलो नसतो. आप्पा मात्र दिवाळी बघू शकले नाहीत. पुण्याहून पुढं काही कळलं नाही, आणि मीही विचारलं नाही. अजून मला ठसका लागला की आत बायकोच्या हातातलं लाटणं थांबतं. मी दुसऱ्यांदा खोकत नाही याची खात्री झाल्यावरच ते पुन्हा फिरायला लागतं.