एफ-दोनवरच्या अक्षता

ऐंशीचं दशक सरता सरता नागपुरातल्या आमच्या हातमाग संस्थेत पहिला कॉम्प्युटर आला आणि तो माझ्या ताब्यात दिला गेला. विणकरांची यादी पाहायची तर दर वेळी लांबलचक कमांड टाइप करावी लागे. मी खटपट करून ती एफ-दोन या बटणावर बसवली. एकदा दाबलं की उमरेडपर्यंतचे सगळे विणकर पडद्यावर हजर! तेव्हापासून कीबोर्डला कुणी बोट लावलं तरी मी खेकसायची.

दसऱ्याच्या सुटीनंतर पहिल्याच दिवशी मुंबईचे साहेब ती यादी बघायला आले. मी ऐटीत एफ-दोन दाबलं. बटण खालीच जाईना. पुन्हा दाबलं, तरी तेच. मी शेजारी उभ्या हेडक्लार्ककडे डोळे वटारून पाहिलं. यांनीच काहीतरी केलं असणार!

"माह्याकडे काहून पाहून राह्यली बाई? मी तं हातबी नाही लावला," ते म्हणाले.

मग मला आठवलं. आमच्या घरी खांडेनवमीला मागाची पूजा होते. तशीच मी यंदा कीबोर्डची केली होती. लाडक्या एफ-दोनला हळदकुंकू वाहून वर चिमूटभर अक्षताही टाकल्या होत्या.

कीबोर्ड उलटा करून थोपटला, तर चार-पाच लाल तांदूळ टपटप पडले. बटण दाबलं. यादी झरझर उतरली आणि माझ्या जिवात जीव आला.

"काय झालं होतं?" साहेबांनी विचारलं.

तांदूळ मुठीत लपवत मी म्हटलं, "कुणीतरी हात लावला होता, साहेब."